तात्यांसाठी डेस्कटॉपचे आयकॉन घरीच बनवले, माझा अनुभव

सेलू तालुक्यात आमचं छोटं सेवा केंद्राचं दुकान आहे, 7/12, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा), पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पॅनकार्ड, लाईटबिल असली सगळी कामं. मी तहसीलला नाहीतर बँकेत गेलो की दुकानावर तात्या म्हणजे माझे वडील बसतात. गट नंबर टाकून 7/12 काढणं त्यांना चांगलं जमतं, अडचण व्हायची ती त्याच्या आधी. डेस्कटॉपवर नऊ साईटचे शॉर्टकट आणि नऊच्या नऊवर एकच ब्राउजरचं चिन्ह. नावं मी मराठीत टाकली होती पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तात्यांना बारीक अक्षर वाचायला जड जातं. जुलैत विम्याची गर्दी होती, लोक दारापर्यंत, आन तात्यांचा फोन, "आरं, सगळे सारखेच दिसायलेत, कोणता दाबू?" त्या दिवशी ठरवलं की ह्याचं काहीतरी करायचंच.

आयकॉन बदलणं तसं सोपं आहे. शॉर्टकटवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथं चेंज आयकॉन. साईटचा शॉर्टकट असला तर हे बटण वेब डॉक्युमेंट नावाच्या टॅबमधी सापडतं. विंडोजची स्वतःची चित्रं शेल32 आणि इमेजरेस ह्या डीएलएल फायलींमधी मोप पडलेली आहेत, फोल्डर, कुलूप, प्रिंटर, पण त्यात पीकविमा कुठून असणार? म्हणून स्वतःच बनवायचं ठरवलं.

पहिल्यांदा नेटवरून कापसाचा फोटो घेतला आणि फाईलच्या नावापुढं आयको, म्हणजे आयकॉनच्या फाईलचा प्रकार, लिहिलं. चालेना. मग कळालं की नावाच्या शेवटी फाईलचा प्रकार सांगणारं एक्सटेन्शन लपवलेलं होतं, त्यामुळं फाईल खरी पीएनजी म्हणजे साध्या चित्राचीच राहिली होती. व्ह्यूमधी जाऊन फाईल नेम एक्सटेन्शनला टिक केली, नाव नीट बदललं, तरी चेंज आयकॉनमधी चित्र येईना, कारण नाव बदललं म्हणून आतला माल बदलत नाही. आयको फाईल म्हणजे एकच चित्र नसतं, एका डब्यात एकाच चिन्हाची लहानमोठी चित्रं असतात, साधारण 16, 32, 48 आणि 256 पिक्सेलची, आणि जिथं जेवढी जागा तिथं विंडोज त्यातलं तेवढं उचलतं. एका साईटवरून फुकटचा कन्व्हर्टर घेतला होता, त्याच्यासोबत जाहिराती दाखवणारं भलतंच काही आलं, ते काढण्यात अर्धा दिवस गेला. दुकानाच्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार आणि पासबुक असतात, तिथं असलं काही टाकूच नका.

शेवटी गिम्प नावाचं चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे आणि आयको एक्सपोर्ट करतं. 256 बाय 256 ची नवी इमेज घ्यायची, मागची बाजू पारदर्शक ठेवायची नाहीतर चिन्हाभोवती पांढरा चौकोन दिसतो, मग त्याच चित्राच्या लहान लेयर (एकावर एक थर) करायच्या, एक लेयर म्हणजे एक साईज. एक्सपोर्ट करताना सगळ्या लेयरची यादी येते, त्यात 256 वाल्याला कॉम्प्रेस्डची टिक करायची, फाईल हलकी होते.

खरं काम पुढंच होतं. मोठं चित्र लहान केलं की 16 मधी नुसता डाग दिसायचा. 7/12 असं लिहिलेला आयकॉन 48 ला झकास, 16 ला चिखल. तेव्हा लक्षात आलं की लहान चित्र आकसून होत नाही, ते वेगळंच काढावं लागतं. 1984 च्या अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरचे आयकॉन सुझन केअर नावाच्या बाईंनी आधी चौकटीच्या कागदावर काढले होते, 32 बाय 32 चौकटी, एक चौकट म्हणजे एक ठिपका. मी पोरीची गणिताची चौकटीची वही घेतली, 16 बाय 16 चा चौकोन आखला आणि पेन्सिलनं घरं भरत बसलो. 256 घरांत शेत दाखवायचं तर काय ठेवायचं? दोन हिरवे पट्टे आणि मधून मातीच्या रंगाचा बांध, बास, तो झाला 7/12 चा आयकॉन.

पीकविम्याला कापसाचं बोंड काढलं. पांढरं बोंड फिक्या वॉलपेपरवर दिसेचना म्हणून भोवती गडद तपकिरी रेघ दिली. तात्यांना दाखवलं तर म्हणले, "हे बोंड नाही, हे तर ढग झालं. फुटलेलं बोंड चार-पाच पाकळ्यांचं असतं, आन खाली वाळलेलं नख पाहिजे." लगेच तसं काढलं, आणि खरंच लांबून ओळखू यायलं. लाईटबिलाचा बल्ब आणि दाखल्याचा रुपया दोन्ही पिवळे होते, त्यांची गल्लत व्हायली, मग रुपयाला जांभळा गोल दिला. दाखल्यावर आधी चार सिंह टाकायचा विचार होता पण राजमुद्रेच्या वापरावर 2005 चा कायदा आहे आणि आपलं दुकान खाजगी, म्हणून ते सोडून दिलं.

दोन गोष्टींनी लई त्रास दिला. सगळे आयकॉन मी पेनड्राईव्हवरूनच लावले होते, पेनड्राईव्ह काढून घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडं पांढरा कागद. शॉर्टकटमधी चित्र साठत नाही, फक्त फाईलचा पत्ता साठतो. आता सगळ्या फायली सी ड्राईव्हच्या पब्लिक फोल्डरमधी एका जागी आहेत आणि तिथून हलवत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बोंड सुधारलं तरी जुनंच दिसायचं, कारण विंडोज आयकॉनची नक्कल जपून ठेवतं. सोपा उपाय म्हणजे सुधारलेली फाईल नव्या नावानं सेव्ह करायची, बोंड2, बोंड3 अशी, आणि पुन्हा निवडायची.

मागच्या बाजारच्या दिवशी मी परभणीला होतो, संध्याकाळपर्यंत एकही फोन आला नाही. घरी आलो तर तात्या म्हणले, "आठ-अ ला बी बांधच दिलायस, त्याला येगळं कर." त्याच्यासाठी आता वहीवर खातेपुस्तक काढायलोय, 16 चौकटीत पान उघडलेलं कसं दाखवावं ते अजून जमलेलं नाही.