नाही, आमच्या घरात कुणी पीत नव्हतं

"घरात कुणी प्यायचं का?"

गेली नऊ वर्षं ऐकतेय. लग्नाच्या पंगतीत, कोयनेच्या जनरल डब्यात, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, माझ्या तोंडात कापूस कोंबलेला असताना. मी व्यसनमुक्तीत समुपदेशक आहे असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो, मग आवाज खाली आणून विचारतो. आवाज खाली आणला म्हणजे उत्तर त्याने आधीच ठरवलेलं असतं. मी 'नाही' म्हटलं की त्याचा हिरमोड झालेला दिसतो. "मग तू या भानगडीत कशी?" स्थळं बघायचं चाललं होतं तेव्हा मुलाकडच्यांनीही विचारलं, पण त्यांना उत्तर 'नाही'च हवं होतं. तेवढाच एक प्रसंग, जिथे माझं खरं उत्तर कुणाला आवडलं.

तर तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच आणि सविस्तर.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला निरंकार. काका तसेच. आमच्या घरात दारूची बाटली एकदाच आली, तीही रिकामी, आईने मनीप्लांट लावायला भंगारवाल्याकडून आणलेली. वडिलांनी आधी तिचं लेबल नखाने खरवडून काढलं, मग तिला खिडकीत जागा मिळाली. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला, त्यात देशातले 27.3 टक्के पुरुष दारू पितात असा आकडा आहे. म्हणजे चारांत एक तरी. आमच्या घरात पुरुष चारच होते. तो एक आमच्या वाट्याला आला नाही, याला मी काय करू?

आजी मात्र मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की सगळं घर खोकायचं. दिवसातून पाच वेळा, आणि पुडी संपली तर भर उन्हात मला दुकानात पिटाळायची. दुकान बंद असलं तर संध्याकाळपर्यंत भांड्यांचा आवाज वेगळाच यायचा. कोर्सच्या पहिल्याच सत्रात 'विथड्रॉवल', म्हणजे नशा मिळाली नाही की होणारा त्रास, शिकवलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आजी आली. पण हे सांगितलं की लोक हसतात. मिश्री म्हणजे काय व्यसन? दात घासणं ते. त्यांना दारूच हवी असते, जमल्यास थोडी मारहाण.

खरं कारण फार किरकोळ आहे. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स, करताना फील्डवर्कची यादी नोटीस बोर्डावर लागली. मला शाळा हवी होती, नावापुढे व्यसनमुक्ती केंद्र निघालं. बदलून द्या म्हणून ऑफिसात दोनदा जाऊन आले. मिळालं नाही, म्हणून गेले. आठवड्यातले दोन दिवस केंद्रात, आणि घरी आल्यावर रेकॉर्डिंग लिहायचं: तो काय म्हणाला, तू काय म्हणालीस, शब्दाला शब्द.

पहिल्या आठवड्यात वॉर्डमध्ये एक काका चादरीवरून काहीतरी वेचत बसले होते. दारू बंद होऊन तिसरा दिवस. मी जवळ जाऊन समजुतीने म्हटलं, "काका, इथे काही नाहीये." ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही आंधळी मीच. सिस्टर मागून म्हणाल्या, "वाद घालू नका. ट्यूबलाइट लावा, नाव घेऊन बोला, आपण कुठे आहोत ते सांगा." उजेड झाल्यावर त्यांचे हात जरा मंदावले. शिक्षण म्हणाल तर माझं तिथे सुरू झालं. पुस्तकातलं नंतर आलं.

या क्षेत्रात निम्मी मंडळी स्वतः व्यसनातून बाहेर आलेली. ते पेशंटशी बोलतात तेव्हा अर्धं काम त्यांचा भूतकाळच करतो. ग्रुपमध्ये एकाने मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, क्वार्टर म्हणजे किती ते तरी माहितीये का?" (180 मिली. त्या रात्रीच शोधून ठेवलं. खंबा, चपटी, नाइंटी, सगळं.) त्याच्या बाजूने मोठी परंपरा उभी आहे, हे मला माहीत होतं. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन भेटले, दोघेही पिणारे, आणि एकाने दुसऱ्याला आपली गोष्ट सांगितली, त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना सुरू झाली. मी तेव्हा मनातल्या मनात उलटा दाखला देत असे. पुण्यात 1986 साली मुक्तांगण उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट मानसोपचारतज्ज्ञ होत्या, स्वतः व्यसनातून आलेल्या नव्हत्या. चाललं ना त्यांचं? पण एका सव्वीस वर्षांच्या प्रशिक्षणार्थीने स्वतःला त्यांच्या रांगेत उभं करावं, हेही जरा अतिच होतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

बुधवारी नातेवाइकांचा दिवस असायचा. एक बाई यायच्या. पस्तिशीच्या, नवरा एमआयडीसीत फिटर, दुसऱ्यांदा दाखल झालेला. मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून बसायच्या आणि विचारलेल्याला 'हो', 'नाही', 'बघू' एवढंच. तीन बुधवार माझ्या रेकॉर्डिंगमध्ये लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याची मला काळजी लागली होती. बाईंची नाही, रेकॉर्डिंगची. चौथ्या बुधवारी त्यांनी पिशवीतून एक कागदी पुडी काढली. 'रुग्णाला न कळता दारू सोडवा' या जाहिरातीवरून मागवलेली. घरी असताना डाळीत घालत होत्या. "डिस्चार्जनंतर परत सुरू करू का?" मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्या घरात कुणी प्यायचं का?"

मी म्हटलं, "हो. काका."

काका मी बारा वर्षांची असताना हार्ट अटॅकने गेले. माळकरी माणूस, मी वर सांगितलंच. त्यांचं नाव का आलं? ते हयात नव्हते म्हणून. दुसरं कारण नाही.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पुढची चाळीस मिनिटं त्या बोलल्या आणि मी ऐकलं. पगाराच्या दिवशी गेटवर उभं राहणं, मुलीच्या गॅदरिंगला तो आला ती संध्याकाळ, सासूचं 'तूच आवरत नाहीस'. भाऊ कोल्हापूरहून न्यायला यायचं म्हणतोय, हेही सांगितलं. मग थांबल्या. "मग तुमच्या काकूंनी काय केलं?"

इथेही मला मागे फिरता आलं असतं. मी म्हटलं, "काकू थांबल्या. धीर धरला. काका सुधारले, शेवटची सहा वर्षं थेंब नाही घेतला." सहा कुठून आणली, अजून उमगलेलं नाही. जाताना त्यांनी ती पुडी माझ्या टेबलावर ठेवली. "हे तुम्हीच टाका."

रेकॉर्डिंगमध्ये मी लिहिलं: 'स्वतःविषयी मोजकं सांगून विश्वास संपादन केला.' रेकॉर्डिंग तपासणाऱ्या मॅडमनी हिरव्या शाईने त्याभोवती गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'काय सांगितलंस?' भेटीत मी म्हटलं, "घरातला अनुभव." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्या सत्रात फील्डवर्कला मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते.

नवरा डिस्चार्जनंतर पाचव्या आठवड्यात परत प्यायला. त्या आल्या तेव्हा डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टर होतं. हिरव्या बांगड्या फक्त उजव्या हातात. तीच पिशवी, आता काखेत धरलेली. रागावलेल्या अजिबात नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "भाऊ आला होता गाडी घेऊन. मी म्हटलं, थांबते. तुमच्या काकू थांबल्या होत्या ना." आणि मग अगदी सहज, बसची वेळ विचारावी तसं, "किती वर्षं लागली हो त्यांना?"

मी काय म्हटलं सांगू? "प्रत्येकाचं वेगळं असतं."

हे वाक्य आम्ही सगळे वापरतो. खोटं नाही ते. त्या दिवशी माझ्या तोंडून आलं तेव्हा त्याच्याइतकं खोटं मी आयुष्यात काही बोलले नव्हते, काकांची गोष्ट धरून. मग मी कामाला लागले. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याबद्दल सांगितलं, संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर कागदावर लिहून दिला, भावाला फोन लावून दिला. सगळं नियमाप्रमाणे. त्यांनी कागदाची चार वेळा घडी घातली आणि पिशवीत टाकली. मार्चमध्ये माझं प्रशिक्षण संपलं. नंतर त्यांची भेट नाही.

आता माझी बाजू. आहे मला बाजू. त्या फक्त माझ्या काकूंमुळे थांबल्या असं मानणं म्हणजे स्वतःला फार मोठं करणं. मुलीची दहावी होती. कोल्हापुरात भावजय होती, जिच्याबद्दल त्यांनी एकच वाक्य सांगितलं होतं आणि ते पुरेसं होतं. बायका थांबतात त्याला पन्नास कारणं असतात, माझं एकावन्नावं. शिवाय ती पुडी. त्यात डायसल्फिराम असतं तर? डॉक्टर ते देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, कारण त्यावर दारू पोटात गेली की तोंड लाल होतं, उलट्या होतात, बीपी कोसळतं, माणूस जाऊसुद्धा शकतो. पाचव्या आठवड्यात तो प्यायला तेव्हा डाळीत काही नव्हतं. माझ्या खोट्यामुळे नव्हतं. कदाचित तो त्यामुळेच जिवंत राहिला, आणि तिचा हात मोडायला शिल्लक राहिला.

बघा, असा हिशेब मांडायला घेतला की मी कुठे जाऊन पोचते.

सव्वीस वर्षांची मी अजून भांडते माझ्याशी. ती म्हणते, तीन बुधवार तोंड न उघडणारी बाई बोलली, तुझ्या 'नाही'ने बोलली असती का? मी म्हणते, चौथ्या नाही तर सातव्या बुधवारी बोलली असती. ती म्हणते, सातवा बुधवार नव्हताच, डिस्चार्ज सहाव्या आठवड्यात होता. तेही खरंच आहे.

काकूंना यातलं काही माहीत नाही. त्या इस्लामपुरात असतात, दिवाळीला करंज्या पाठवतात. आपल्या निर्व्यसनी नवऱ्याला पुतणीने एका कापडी पिशवीवाल्या बाईपुढे दारुडा केलं आणि वर सहा वर्षं सुधारूनही दाखवलं, हे कळलं तर करंज्या बंद होतील. व्हायलाच हव्यात. मी तरी सांगितलेलं नाही.

हल्ली माझ्याकडेच प्रशिक्षणार्थी येतात. मी त्यांची रेकॉर्डिंगं वाचते. 'स्वतःबद्दल सांगितलं' असं दिसलं की मीही गोल काढते, आणि नुसतं 'काय' विचारून सोडत नाही. कुणासाठी सांगितलंस, आणि तिने पुढचा प्रश्न विचारला असता तर काय करणार होतीस, हे विचारते. मुलांना मी खडूस वाटते. वाटू दे.

आणि आता मी 'नाही' म्हणते. दरवेळी. पंगतीतही, ग्रुपमध्येही, "नाही, आमच्याकडे कुणी पीत नव्हतं" एवढं म्हणून थांबते. पुढे काही जोडत नाही. आजीचंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांपूर्वी एका पेशंटच्या आईने विचारलं. साठीच्या पुढच्या, पदर डोक्यावरून घेतलेला. मी म्हटलं, "नाही मावशी." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग तुला काय सांगायचं, बाई," म्हणाल्या. मी म्हटलं, "जे सांगावंसं वाटेल ते." चहा आला. त्यांनी बशीत ओतून प्यायला, बशी पालथी घातली, आणि उरलेला अर्धा तास आम्ही दोघी खिडकीबाहेरचा बांधकामाचा क्रेन बघत बसलो.

गेल्या बुधवारी त्या आल्या नाहीत. काल बुधवार होता. कालही नाही.