मायटर ट्रिमरवरची सातवी चौकट: चौथा कोपरा कसा मिटला

काल रात्री सातव्या लाकडी चौकटीचा, गोंद वाळेपर्यंत कोपरे आवळून धरणारा पट्टा सोडला. सकाळी खिडकीसमोर धरून चारही कोपरे पाहिले. एकाही सांध्यातून उजेड येत नाही आणि नख फिरवलं तर कुठे अडकत नाही. मायटर (दोन तिरक्या कापांचा कोपऱ्यातला सांधा) तासायच्या, हाताने चालणाऱ्या ट्रिमरवर काम सुरू करून पाच महिने झाले. मधल्या काळात काय चुकलं आणि कशाने सुधारलं, ते आठवतंय तोवर सविस्तर लिहून ठेवतो.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओतीव लोखंडाची बैठक असते. तिच्या कडेने एक गाडी डावी-उजवीकडे सरकते, गाडीवर दोन पाती उभी बसवलेली असतात आणि गाडी हलवायला लांब दांडा असतो. दोन्ही बाजूंना एकेक फेन्स, म्हणजे लाकूड टेकवायचा आधार, ती ४५ ते ९० अंशांत कुठेही बसवता येते. दांडा एकीकडे नेला की एका बाजूचं पातं काम करतं, उलटा नेला की दुसऱ्या बाजूचं. पात्याची धार तिरकी असल्यामुळे ती लाकडात एकदम न घुसता कात्रीसारखी शिरत जाते. १९व्या शतकाच्या अखेरीपासून ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने (पॅटर्न) घडवणारे सुतार आणि चित्रांच्या चौकटी बनवणारे अशी यंत्रं वापरत आले आहेत. लायन आणि फॉक्स ही त्यातली जुनी नावं. चौकटवाल्यांकडे दिसणारं पायाने दाबायचं डॅनिश मोर्सो यंत्र वेगळं. त्यात काटकोनात बसवलेली दोन पाती वरून खाली येतात आणि पट्टीतून व्ही आकाराचा तुकडा काढून टाकतात. ट्रिमरचं काम फक्त तासायचं. पट्टी आधी करवतीने जवळपास मापाला आणायची आणि शेवटचा मिलिमीटर ट्रिमरवर घालवायचा.

मला हे कळायला दोन चौकटी लागल्या. पहिल्या चौकटीत मी एका फटक्यात तीन मिलिमीटर काढायला गेलो. दांड्यावर सगळं वजन टाकावं लागलं, पट्टी फेन्सवरून घसरली आणि कापलेला पृष्ठभाग किंचित फुगीर आला. ते लाकूड बाजूला ठेवलं.

दुसऱ्या चौकटीने मात्र खरा धडा दिला. ४० मिमी रुंदीच्या पट्ट्या होत्या, फेन्स दोन्हीकडे ४५च्या खुणेवर नीट बसवली होती. तीन कोपरे सुरेख जुळले. चौथ्यात आतल्या बाजूने जवळजवळ २ मिमी फट! चौथी पट्टीच चुकली असं वाटून मी ती पुन्हा तासत बसलो. तासाल तितकी ती आखूड होते आणि फट काही हटत नाही.

मग कागद घेऊन हिशोब केला. चौकटीत आठ काप असतात. प्रत्येक काप पाव अंशाने चुकला आणि सगळे एकाच दिशेने चुकले, तर तीन कोपरे दाबून जुळवल्यावर चौथ्या कोपऱ्यात आठ पाव, म्हणजे पूर्ण २ अंश जमा होतात. ४० मिमी रुंद पट्टीचा तिरका काप सुमारे ५६.५ मिमी लांब असतो. तेवढ्या लांबीवर २ अंश म्हणजे बरोबर २ मिमी फट. पट्टी निर्दोष होती. चूक आठही कापांत थोडी थोडी वाटलेली होती आणि ती उघडी पडत होती शेवटच्या कोपऱ्यात. तेव्हापासून मी यंत्रावरच्या ४५च्या खुणेवर विसंबत नाही. ती खूण फेन्स साधारण कुठे आणायची तेवढंच सांगते.

आता बसवणी अशी करतो. एकाच सपाट लाकडाचे दोन तुकडे घ्यायचे. दोन्ही फक्त डाव्या फेन्सवर तासायचे, एक उलटा करून दुसऱ्याला भिडवायचा आणि कोपरा गुण्याने तपासायचा. डाव्या फेन्सची चूक दुप्पट होऊन समोर येते, त्यामुळे डोळ्याला पकडता येते. मग तसंच उजव्या फेन्सचं. शेवटी एक डावा आणि एक उजवा तुकडा जुळवून पाहायचा.

मधल्या काळात मी फक्त ही शेवटची परीक्षा घेत होतो आणि फसलो. डावी बाजू ४५.२ आणि उजवी ४४.८ असेल तर बेरीज ९०च येते, कोपरा गुण्यात बसतो, पण दोन्ही तिरक्या कापांची लांबी सारखी राहत नाही. ५० मिमी रुंदीला जवळपास अर्धा मिलिमीटर फरक पडतो. चौथ्या चौकटीत असंच झालं. सांधा घट्ट, पण बाहेरचं टोक जरासं पुढे आलेलं. सँडपेपर मारून ते लपवता येतं, मीही लपवलं, पण कडेवरून बोट फिरवलं की अजून जाणवतं.

फेन्स किंचित हलवायची म्हणजे स्क्रू सैल करून अंदाजाने ढकलणं, असं मी आधी करायचो. त्यात नेहमी जास्तच हलते. आता फेन्स घट्टच ठेवतो आणि पट्टी व फेन्स यांच्यामध्ये साध्या कागदाची घडी घालतो. कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा. पट्टी फेन्सला जिथे टेकते तिथपासून १०० मिमीवर एक कागद ठेवला तर कोन सुमारे ०.०६ अंशाने बदलतो. दोन कागदांत ०.१२. एवढ्या बारीक पायरीने दुसरं काहीच मला हलवता आलेलं नाही. जुळलं की त्याच जागी तेवढ्या जाडीचा चिकटपट्टीचा तुकडा कायमचा लावून टाकायचा.

४५ अंशांवर पातं पट्टीला फेन्सकडे ढकलतं, पण त्याच वेळी तिच्या लांबीच्या दिशेनेही रेटतं. बोटांनी कितीही घट्ट धरलं तरी पट्टी केसभर सरकते आणि कोन बिघडत नसला तरी लांबी बिघडते. फेन्सवर १५० नंबरचा सँडपेपर चिकटवला आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला स्टॉप लावला, तेव्हा हा त्रास संपला.

आता धारेबद्दल, आणि यावर थोडं रेंगाळणार आहे, कारण पाच महिन्यांतली सगळ्यात मोठी उडी इथे पडली.

नवीन पातं आलं तेव्हा त्याने कागद कापला जात होता, म्हणून मी ते धारदार समजलो. लाकडाच्या टोकाचा आडवा छेद ही वेगळीच परीक्षा आहे. तिथे धागे उभे असतात आणि पात्याला एकेक धागा मुळातून छाटावा लागतो. बोथट पातं धागे छाटायच्या आधी वाकवतं. पहिल्या चार चौकटींचे काप मी जपून ठेवलेत. भिंगाखाली ते भुरकट, पांढुरके दिसतात, मऊ लाकडात तर धागे एका बाजूला निजलेले दिसतात. अशा पृष्ठभागाला कोन बरोबर असूनही सांधा बंद होत नाही, कारण कड चुरगळलेली असते.

पाचव्या चौकटीआधी दोन्ही पाती उतरवली. आधी पाठ धार लावायच्या १००० नंबरच्या दगडावर घासून सपाट केली, नुसती धारेजवळची बोटभर पट्टी, पण पूर्ण लांबीत. त्यालाच एक अख्खी संध्याकाळ गेली. मग उताराची बाजू १०००, ४००० आणि ८०००च्या दगडांवर, शेवटी चामड्यावर. पातं लांब असल्याने हातात डुगडुगतं, म्हणून उताराच्या कोनाची एक लाकडी पाचर बनवून तिच्यावर पातं टेकवून घासलं. दर दगडावर, पाठीमागच्या बाजूला बोटाला बारीक कड लागेपर्यंत थांबायचं नाही, आणि ती कड पूर्ण लांबीत लागली पाहिजे. मधे कुठे लागत नसेल तर तिथे धार अजून आलेलीच नाही.

पाती परत बसवून सागवानाच्या तुकड्यावर पहिला हात मारला. आवाजच बदलला होता. आधी ‘कट्’ असा तुटल्याचा आवाज यायचा, आता लांबलचक ‘सर्रर्र’. दांडा दोन बोटांनी सरकत होता. ढलपी तुटली नाही, एका तुकड्यात गुंडाळी होऊन बैठकीवर पडली, इतकी पातळ की उजेडात धरल्यावर तिच्यातली छिद्रं जाळीसारखी दिसली. आणि कापाचा पृष्ठभाग! सागवानाच्या वाढीच्या वलयांत मोठ्या छिद्रांची रांग असते, तिच्यातलं प्रत्येक टिंब सुटं दिसत होतं आणि मधला भाग पॉलिश केल्यासारखा चकाकत होता. मी त्यावर काहीही लावलेलं नव्हतं. तो तुकडा अजून टेबलावर आहे.

सागवानात सिलिका असते, ती धार लवकर खाते. दोन चौकटी झाल्या की मी आता ८०००च्या दगडावर आणि चामड्यावर पाती परजून घेतो. कापाची चमक उतरली की तीच वेळ समजायची. हाताला दांडा जड लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

पातं बैठकीशी काटकोनात उभं आहे का, हेही गुण्याने पाहून घ्या. माझं वरून आत झुकलेलं होतं, म्हणून सांधा वरून मिटायचा नाही आणि मागून घट्ट बसायचा. बरेच चौकटवाले याच्या उलट, मागची बाजू मुद्दाम जरा जास्त तासतात, म्हणजे दर्शनी कड हमखास मिटते. मला ते पटत नाही. गोंदाला धरायला आधीच आडवा छेद मिळालाय, त्यातही अर्धी जागा हवेत सोडायची?

लांबीचं फार नाही. समोरासमोरच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून टेबलावर उभ्या करा आणि वरच्या टोकांवरून नख फिरवा. नख अडकलं तर लांब पट्टीची एक पातळ ढलपी काढा, पुन्हा पाहा. मोजपट्टीवर वाचून मला कधीच इतकं नेमकं जमलं नाही. दोन पट्ट्या सारख्या असणं महत्त्वाचं, त्या ३०० मिमी आहेत की २९९.५, याने चौकटीला काही फरक पडत नाही.

गोंद लावताना आडवा छेद तो शोषून घेतो आणि सांधा कोरडा राहतो. आधी पातळ हात देऊन पाचेक मिनिटं थांबतो, मग दुसरा हात आणि पट्टा आवळतो. सागवान तेलकट असल्यामुळे त्याआधी कापावरून ॲसिटोनचा बोळा फिरवतो. सहाव्या चौकटीत हे विसरलो होतो, कोपरा हातात आला. आता गोंद वाळल्यावर कोपऱ्यावर आडवी खाच घेऊन पातळ लाकडी चकतीही बसवतो. नुसत्या गोंदावर मायटर सोडायची माझी तयारी नाही.

तिसऱ्या चौकटीबद्दल एक गोष्ट राहिली. ती बनवली तेव्हा मिटलेली होती, दोन महिन्यांनी कोपरे आतून उघडले. लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे कापाचा कोनच बदलतो. ४० मिमीची पट्टी रुंदीत एक टक्का आकसली तर कोपऱ्यात आतून अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त फट पडते. ओलावा वाढून फुगली तर फट बाहेरच्या टोकाला दिसते. फट कुठे आहे यावरून लाकूड सुकलंय की फुगलंय ते ओळखता येतं. शिकताना अरुंद पट्ट्या घ्या, २० मिमीला हे सगळं निम्म्यावर येतं.

सुरक्षेचं ठळकपणे लिहितो. एका बाजूला काम करताना दुसऱ्या बाजूचं पातंही उघडंच असतं आणि दांडा दोन्हीकडे चालतो. वीज नाही म्हणून हे यंत्र निरुपद्रवी वाटतं, पण बोट आणि लाकडाचा आडवा छेद यांत बोट कितीतरी मऊ आहे. पट्टी बदलताना मी दांडा एका टोकाला नेऊन खिळीने अडकवतो. १५० मिमीहून आखूड तुकडा हातात धरत नाही, दुहेरी चिकटपट्टीने लांब पट्टीवर चिकटवून मगच तासतो. काम संपलं की दोन्ही पात्यांवर लाकडी झाकण.

पुढची चौकट अष्टकोनी करायची आहे. फेन्स ६७.५ अंशांवर येईल आणि काप सोळा. म्हणजे प्रत्येक कापात पाव अंश चुकला तर शेवटच्या कोपऱ्यात ४ अंश जमा होणार. काल संध्याकाळी डाव्या फेन्सवर दोन तुकडे तासून जुळवले. ते १३५ अंशांना भिडायला हवेत, माझा सरकता गुण्या केसभर फट दाखवतोय. आज एक कागद घालून पाहतो.