वळवाची वेळ

१४ मे, रात्र

आज चार वाजून पन्नास मिनिटांनी वळीव आला. गच्चीवर चटणीच्या मिरच्या वाळत घातलेल्या. त्या गोळा करायला पळाले, पण आधी घड्याळ बघितलं. साडेपाचला उघडीपसुद्धा झाली. तेवढ्यात चिखलीहून आबांचा फोन. "किती वाजता लागला गं तिकडं?" किती पडला, हे त्यांनी नंतर विचारलं.

हाच प्रश्न मी गेली तीन वर्षं संगणकावरच्या हवामानाच्या मॉडेलला विचारते आहे.

त्याच्या पावसाची महिन्याची बेरीज पुष्कळदा बरी जुळते. तासातासाने मांडली की घोळ दिसतो. उन्हाळ्यात जमिनीवर बरीच मॉडेलं भर दुपारी, बारा-एकच्या सुमारालाच पाऊस पाडून मोकळी होतात. आपला वळीव दुपार कलल्याशिवाय येत नाही. मॉडेल सगळा प्रदेश चौकटींत कापतं, एक चौकट साधारण १०० किमीची. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्याचा वर्षाला पाच हजार मिमीच्या पुढचा पाऊस आणि शिरोळचा तुटपुंजा पाऊस तिथे एकाच आकड्यात जातात. एकेकटा ढग त्यात मावत नाही, म्हणून ढगांचं काम एका सूत्रावर सोपवलेलं असतं. जमीन तापली, हवा अस्थिर झाली, की सूत्र लगेच पाऊस पाडतं. खरे ढग तसे उतावळे नसतात. लहान ढग वर चढतात, भोवतालची कोरडी हवा आत ओढून विरतात, पुन्हा उठतात, वरचा थर थोडा थोडा ओला करत जातात. मग कुठे एखादा उंच जातो. ही काही तासांची खटपट सूत्रातून निसटते.

वेळ चुकली की पुढचं सगळं चुकतं. डोक्यावर सूर्य असताना ढग आले तर ऊन अडतं, जमीन कमी तापते, माती वेगळ्या गतीने सुकते. अशा वाटेने आलेली बेरीज बरोबर असली, तरी तिच्या भरवशावर २०५० चा पाऊस सांगायला माझा जीव धजत नाही.

ढगांची ती खटपट टिपायची तर जमिनीवरून सतत वर बघत राहावं लागतं. ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह एका जागेवरून दिवसात साधारण दोनदा जातो. हवामानाचे फुगे पहाटे ५.३० आणि संध्याकाळी ५.३० च्या वेळेचे. पर्जन्यमापक सकाळी ८.३० ला वाचतात, चोवीस तासांचा एक आकडा. अमेरिकेत ओक्लाहोमाच्या माळावर १९९२ पासून अशी अखंड निरीक्षणं चालू आहेत. ढगांचे रडार, लेसरने वरची हवा तपासणारे लिडार, प्रारणं मोजणारे रेडिओमीटर सगळं एका ठिकाणी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा काढली, आता मध्य प्रदेशात सिलखेड्यालाही केंद्र आहे. आपल्या शिवाजी विद्यापीठात बसवलेला रडार वारे मोजतो, पण वातावरणाच्या फार वरच्या थरातले. वळवाचे ढग त्याच्या कितीतरी खाली.

म्हणून मला आबांच्या वह्या एवढ्या मोलाच्या वाटतात. कारखान्याच्या शेती खात्यात असताना ते मिमीच्या शेजारी वेळही लिहायचे: 'चहाच्या वक्ताला', 'धारंच्या टायमाला', 'दिवेलागणीला'. मॉडेल अमुक तारखेचा वळीव सांगतच नाही, त्यामुळे एका दिवसाची तुलना व्यर्थ. पुष्कळ मे महिने एकत्र केले की तुलनेला अर्थ येतो. आणि तेवढे मे महिने त्यांच्या कपाटात आहेत.

आज विचारूनच टाकलं, "आबा, धारंचा टाइम म्हणजे नेमका किती?"

"उन्हाळ्यात सहाच्या आत. साडेसहाला डेअरीची गाडी यायची न्हवं का."

तेवढ्यावर दोन वह्यांच्या नोंदी तासांत बसवल्या. तिसरी वही २०१९ च्या पुरात भिजली होती. शाई पसरली आहे, पानं एकमेकांना चिकटली आहेत. वाफ देऊन एक पान सुटं केलं. मिमीचा आकडा पार गेला आहे. त्याच्या शेजारचं 'दिवेलागणीला' मात्र नीट वाचता येतं. तेवढं उतरवून घेतलं.