गॅसपाशी किती मिनिटं उभं राहायचं? घरून काम करणाऱ्यांचं दुपारचं जेवण

पाककृतीच्या डोक्यावर ‘१० मिनिटांत तयार’ असं लिहिलेलं असतं, त्यात कांदा चिरणं धरलेलं नसतं. भांडी तर नाहीच नाही. घरून काम करताना दोन मीटिंगच्या मध्ये २५ मिनिटांची फट मिळते आणि त्यात करायचं, खायचं, आवरायचं असतं. म्हणून पदार्थाला लागणारा एकूण वेळ बघण्यापेक्षा गॅसपाशी उभं राहावं लागणारा वेळ मोजावा. कांदेपोहे १५ मिनिटांचे, पण ती पंधराही मिनिटं तुमची जातात. मसालेभात ३५ मिनिटांचा, त्यातली तुमची १०. बाकीची २५ कुकरची, तेव्हा तुम्ही खुशाल लॅपटॉपपुढे.

खालची सगळी मापं दोन माणसांची आहेत. वाटी म्हणजे आमटीची, साधारण १५० मिलीची. चमचा म्हणजे पोह्यांचा नव्हे, चहाचा लहान चमचा.

आधी मसालेभात, कारण एका भांड्यात पूर्ण जेवण होणारा याच्याइतका चवदार पदार्थ दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे. १ वाटी तांदूळ धुऊन निथळत ठेवा. १२-१५ तोंडली उभी चिरून प्रत्येकीच्या चार फोडी करा. ३ लिटरच्या कुकरमध्ये ४ चमचे तेल, मोहरी तडतडली की हिंग, हळद, कढीपत्ता, मग तोंडली. दोन मिनिटं परतून तांदूळ घाला, आणखी दोन मिनिटं परता. आता २ चमचे गोडा मसाला, अर्धा चमचा तिखट, १ चमचा मीठ, सुपारीएवढा गूळ आणि २ वाट्या उकळतं पाणी.

गोडा मसाला तांदळानंतर घालायचा, थेट तेलात नाही. त्यात भाजलेलं सुकं खोबरं आणि तीळ असतात, ते गरम तेलात काही सेकंदांत करपतात आणि सगळा भात कडवट होतो. पाणी उकळतंच हवं. गार पाणी घातलं तर ते तापेपर्यंत तांदूळ त्यात भिजत पडतात, बाहेरून गळतात आणि आत कणी राहते.

आता शिट्ट्यांचं. ‘तीन शिट्ट्या काढा’ हे माप खरं तर काहीच सांगत नाही. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, बारीक आचेवर वीस मिनिटांत एकही होत नाही. भात शिजतो तो दाबामुळे आणि पूर्ण दाबाखाली कुकरमधलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. तेव्हा मोठ्या आचेवर पहिली शिट्टी होऊ द्या, मग आच एकदम बारीक करून मसालेभाताला घड्याळ लावून ४ मिनिटं. याचा दुसरा फायदा असा, की पहिल्या शिट्टीनंतर कुकर जवळजवळ गप्प असतो. ती एक शिट्टी मात्र मीटिंगच्या आधी होऊन जाऊ द्या, नाहीतर ती सगळ्या टीमला ऐकू जाते.

गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरायला १० मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ भात शिजतच असतो. घाईघाईनं शिट्टी उचलून वाफ सोडली तर वर पाणी, खाली कणी. उलट झाकण तासभर तसंच राहिलं तर वाफेनं भाताचा गोळा होतो. मीटिंग लांबणार असेल तर घरातल्या कुणाला तरी ‘दाब उतरला की झाकण काढ’ एवढं सांगून ठेवा.

तांदूळ कुठला, यावर पाणी ठरतं. मसालेभाताला आंबेमोहोर किंवा जुना कोलम. मावळातला इंद्रायणी चवीला सुरेख, पण चिकट. त्याचा मसालेभात मोकळा होण्याची अपेक्षा करू नका. खिचडीला मात्र इंद्रायणीच. दिवाळीनंतर बाजारात नवा तांदूळ येतो, तो कमी पाणी पितो. १ वाटीला २ ऐवजी पावणेदोन वाट्या पुरतात. ‘नेहमीसारखाच केला होता, तरी गचका झाला’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा नवा तांदूळच असतो.

खिचडीत फारसं सांगण्यासारखं नाही. १ वाटी इंद्रायणी, अर्धी वाटी मूगडाळ, मऊ हवी असेल तर साडेचार वाट्या पाणी, पहिल्या शिट्टीनंतर ७ मिनिटं. डाळीला फेस येतो आणि तो शिट्टीच्या भोकातून ओट्यावर उडतो. त्यासाठी कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही आणि पाण्यात अर्धा चमचा तेल सोडायचं. सोबत पापड, लोणचं, तूप. संपलं.

उकड

भाजी नाही, कणीक भिजवलेली नाही, फ्रिजमध्ये फक्त ताक किंवा आंबट दही आहे, अशा दिवशी ताकातली उकड. हिला मात्र उभं राहावं लागतं, पण एकूण १२ मिनिटंच.

१ वाटी तांदळाचं पीठ २ वाट्या आंबट ताकात आणि १ वाटी साध्या पाण्यात गार असतानाच कालवून घ्या. मीठ, चिमूटभर साखर घाला. कढईत ४ चमचे तेल, मोहरी, हिंग, ६-७ ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या, ३ हिरव्या मिरच्या, हळद. लसूण तांबूस झाली की कालवलेलं पीठ ओता आणि ढवळत राहा. तीन-चार मिनिटांत ते पळीला जड लागतं. मग आच बारीक, झाकण, ५-६ मिनिटं वाफ. ओलं बोट लावून पाहा, पीठ चिकटलं नाही तर झालं. ताटलीत घेऊन मध्ये खड्डा, त्यात कच्चं तेल किंवा तूप.

गुठळ्या का होतात? गरम पाणी कोरड्या पिठाला लागलं, की बाहेरचा थर लगेच शिजून घट्ट होतो आणि आतलं पीठ कोरडंच अडकतं. म्हणून पीठ गारच कालवायचं. पिठल्यालाही हाच नियम, पण तिथे आणखी एक भानगड आहे. बेसन कच्चं राहिलं तर चवीला लगेच कळतं आणि मग दुपारभर पोट बोलतं. अर्धी वाटी बेसनाला दीड वाटी पाणी आणि घट्ट झाल्यावरही ६ मिनिटं वाफ, यात काटकसर नको.

ताक फुटेल ही भीती बाळगू नका. नुसतं ताक उकळलं तर फुटतं, पण पीठ मिसळलेलं असलं की पिठातला स्टार्च ते धरून ठेवतो. कढीला बेसन लावतात ते त्याचसाठी. मात्र मोदकासाठी आणलेली अगदी तलम पिठी वापरली तर उकड खळीसारखी लागते. घरघंटीची, किंचित रवाळ पिठी चांगली.

सकाळी ९ ची पाच मिनिटं

दुपारची घाई सकाळच्या चहाबरोबर अर्धी संपवता येते. तांदूळ-डाळ मोजून भांड्यात काढून ठेवा, तोंडली किंवा घेवडा चिरून ठेवा. कांदा मात्र चिरून ठेवू नका. चिरलेल्या कांद्याला काही तासांत उग्र वास येतो आणि तो फ्रिजमधल्या दह्यालाही लागतो. सोलून अख्खा ठेवला तर तो त्रास बराच कमी होतो आणि सोलणंच तर वेळखाऊ असतं. कोथिंबीर निवडावी, धुऊ नये, कागदात गुंडाळून डब्यात ठेवावी. धुऊन ओली ठेवलेली दोन दिवसांत काळी पडते.

आठवड्याची फोडणी एकदम करून ठेवणं ही त्याहून उपयोगी गोष्ट. अर्धी वाटी तेल, २ चमचे मोहरी, १ चमचा जिरं, कढीपत्त्याची १५-२० पानं धुऊन पूर्ण कोरडी केलेली. कढीपत्ता कुरकुरीत झाला की गॅस बंद करून मग हिंग आणि हळद, कारण हळद चटकन जळते. गार झाल्यावर काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. ओला कढीपत्ता गेला तर त्या पाण्यानं ती लवकर खराब होते. यात लसूण घालायची नाही. तेलात बुडवून ठेवलेल्या लसणीत हवा नसल्यामुळे घातक जिवाणू वाढू शकतात आणि वासावरून ते कळतही नाही. लसूण लागेल तेव्हा ताजी.

ही बाटली असली की कोशिंबीर, दहीभात, दडपे पोहे, कुस्करलेली पोळी, सगळ्याला दोन चमचे ओतलं की काम झालं.

गुरुवार

पुण्यात देखभालीच्या कामांसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी. मिक्सर नाही, मायक्रोवेव्ह नाही, इंडक्शन असेल तर तीही नाही. लॅपटॉपची बॅटरी आणि मोबाईलचा हॉटस्पॉट, एवढ्यावर काम चाललेलं असतं. अशा दिवशी दडपे पोहे.

पातळ पोहे ३ वाट्या, चाळून. १ कांदा, १ टोमॅटो, अर्धी काकडी बारीक चिरून, अर्धी वाटी ओलं खोबरं, १ लिंबाचा रस, मीठ, १ चमचा साखर. पोहे भिजवायचे नाहीत. या सगळ्याच्या ओलाव्यातच ते मऊ होतात, त्यासाठी नीट कालवून वर ताटली आणि ताटलीवर वरवंटा किंवा पाण्याचा तांब्या ठेवून २० मिनिटं दडपायचं. नारळ फोडला असेल तर त्याचं दोन-तीन चमचे पाणी शिंपडा. शेवटी बाटलीतली फोडणी, तळलेले शेंगदाणे, कोथिंबीर. उभं राहायचं ७ मिनिटं. जाडे पोहे वापरू नका, ते दडपून कितीही वेळ ठेवले तरी मधे टचटचीत राहतात. आणि टोमॅटो फार रसाळ असेल तर बिया काढून टाका, नाहीतर पोह्यांचा लगदा होतो.

मोड आलेली मटकी

मंडईत किंवा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे मोडाची मटकी तयार मिळते, ती आणायला काहीच हरकत नाही. घरी करायची तर ८ तास भिजवून, फडक्यात बांधून १० ते १२ तास. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या थंडीत तेवढ्यात मोड येत नाहीत, गाठोडं बंद ओव्हनमध्ये किंवा डाळीच्या डब्यांच्या मागे उबेला ठेवावं लागतं.

उसळ कुकरला लावू नका, मटकीचा गाळ होतो. कढईत फोडणी, कांदा, मटकी २ वाट्या, गोडा मसाला, मग कढईवर खोलगट ताटली आणि त्या ताटलीत पाणी. खालची वाफ गार ताटलीला लागून परत थेंबांनी खाली पडते, त्यामुळे मटकी करपत नाही. शिवाय ताटलीतलं पाणी तोवर तापतं, रस हवा असेल तर तेच ओतायचं. बारीक आचेवर १२ मिनिटं, त्यातली १० तुम्ही टेबलापाशी. मीठ आणि गूळ मटकी शिजल्यावर, चिंच किंवा आमसूल त्याहून शेवटी. आंबट आधी पडलं तर कडधान्य शिजायला हट्ट करतं.

पोळ्या? पुण्यात दर चार गल्ल्यांमागे एक पोळीभाजी केंद्र आहे. भाजी घरी करावी आणि पोळ्या तिथून आणाव्यात, यात कमीपणा कसला? घरून काम करताना एकट्यासाठी तीन पोळ्या लाटणं म्हणजे पोळपाट, परात, तवा आणि पिठानं भरलेला ओटा. आणलेल्या पोळ्या प्लास्टिकच्या पिशवीतून लगेच काढून सुती फडक्यात गुंडाळा, नाहीतर घाम धरून चिकट होतात. गरम करताना मायक्रोवेव्हपेक्षा तवा बरा. पाण्याचा हात फिरवून दोन्ही बाजूंनी १५-१५ सेकंद. मायक्रोवेव्हमध्ये त्यांचा चामड्यासारखा वातडपणा येतो.

उरलेला भात

फोडणीचा भात पाच मिनिटांत होतो, दहीभात तीन मिनिटांत. दहीभात सकाळीच कालवून ठेवायचा असेल तर दही कमी आणि दूध जास्त, म्हणजे १ वाटी भाताला पाऊण वाटी दूध आणि २ चमचे दही. एकपर्यंत त्याचं आपोआप दही लागतं आणि भात आंबट होत नाही. मीठ खाताना.

मात्र रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवून सकाळी फोडणीला टाकायची आपली सवय सोडलेली बरी, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, उबदार भातात ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा परतल्यानं जात नाही. जेवणं झाली की भात ताटात पसरून गार करायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी संपवायचा. फ्रिजमधला भात कडक झालेला असतो, तो गरम करताना वाटीला दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवा.

उरलेलं वरण असेल तर चकोल्या करा. वरण पातळ करून उकळायचं, कणकेची जाडसर पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे एकेक करून सोडायचे, ८ मिनिटं. सगळे एकदम टाकले तर एकमेकांना चिकटून त्यांचा एकच डोंगर होतो.

आणि पुढच्या मीटिंगला बसण्याआधी कुकरात तांब्याभर पाणी ओतून ठेवा. मसालेभाताचं तळ संध्याकाळपर्यंत वाळलं, की मग तारेच्या घासणीनं घासत बसावं लागतं, आणि तीही उभ्यानंच.