43 टवके

मागच्या जानेवारीत श्रीवर्धनहून परत येताना कोलाड सोडलं, नागोठणं यायचं होतं, तेवढ्यात मागून फट्ट असा आवाज आला. आरशात पाहिलं तर गाडीची मागची काच जागच्या जागी दुधासारखी पांढरी. पुढच्या गतिरोधकावर ती खळ्ळकन खाली आली. खडीसाखरेसारखे तुकडे डिकीत, चादरींत, चकलीच्या डब्यातसुद्धा. नवऱ्याने पुढच्या डंपरचा उद्धार केला. मी स्टिअरिंगवर होते. मला एकच कळेना, डंपर पुढे असताना काच मागची कशी फुटेल? मागे तर आमचाच ट्रेलर होता.

ट्रेलर म्हणजे फार काही नाही. भिवंडीच्या एका शेडमध्ये बनवून घेतलेली लोखंडी सांगाड्याची छोटी खोली. वर फायबरचं छत, पुढे सपाट पत्रा, आत दोघांपुरती गादी आणि शेगडी. बोरिवलीला सोसायटीच्या कोपऱ्यात उभा असतो आणि दर सभेला त्याच्यावर एक विषय असतोच.

काच बदलली. पुढच्या पत्र्यावर रंगाचे बारीक टवके उडाले होते, त्यांच्याकडे मात्र काणाडोळा केला. रंगच तर गेलाय, बघू नंतर. हा 'नंतर' गणपतीत उगवला. आमच्याकडे गोराईच्या खाडीकडून खारं वारं येतं, त्यात चार महिने ओल. प्रत्येक ठिपक्याखाली गंजाचा तपकिरी ओघळ आला होता आणि कडेचा रंग पापडासारखा फुगला होता. नखाने उचकटला तर तांदळाएवढ्या टवक्याखाली रुपयाएवढा गंज.

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या मागे डेंटिंग-पेंटिंग करणारे एक मामा आहेत, साताऱ्याकडचे. त्यांनी ट्रेलर बघितला, खिशातला खडू मला दिला आणि म्हणाले, "ताई, एकेकाभोवती गोल काढा." काढले. 43 भरले. लांब उभं राहून पाहिलं तर दोन उभे पट्टे, बरोब्बर गाडीच्या मागच्या चाकांच्या रेषेत. बहुतेक गुडघ्याच्या खाली, मध्ये जवळजवळ कोरं.

"आता सांगा, दगड कुणी मारले?"

आमच्याच चाकांनी. टायरच्या खाचेत अडकलेली खडी चाकाबरोबर वर येते आणि सुटून मागे उडते. मागून येणारा ट्रेलर पूर्ण वेगाने तिच्यावर आदळतो. पत्रा सपाट असला की तीच खडी उलट गाडीच्या काचेवर येते. पुढच्या काचेत प्लास्टिकचा थर असतो म्हणून ती तडकते पण टिकते. मागची टफन केलेली असते, एका टोकदार फटक्यात सगळी गेली. बिचारा डंपरवाला.

मामांनी तीन टवके स्वतः करून दाखवले, बाकीचे 40 ऑक्टोबरच्या उन्हात मी केले. पावसाळ्यात रंग लावायचाच नाही असं त्यांनी बजावलं होतं. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. आधी साबणाने धुवायचं, पूर्ण वाळवायचं. फुगलेला रंग ब्लेडच्या टोकाने सुटेल तेवढा काढायचा, इथे दया दाखवायची नाही. मग 320 नंबरच्या पॉलिश पेपरने गंज घासायचा, पत्रा चकचकीत दिसेपर्यंत, आणि 600 ने कडा अशा उतरवायच्या की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागू नये. खड्ड्यात काळा गंज उरलाच तर त्यावर गंज मारायचं केमिकल. थिनरच्या फडक्याने पुसून एपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर. वरून रंग, तोही ब्रशने नाही, टूथपिकच्या टोकाने, पातळ थेंब, वाळला की दुसरा, कडेपेक्षा किंचित वर येईपर्यंत. आठ दिवस थांबून 2000 च्या ओल्या पेपरने सपाट करायचं आणि रबिंग कंपाउंड, म्हणजे चकाकी आणायची पेस्ट, चोळायची. पहिले दहा टवके माझ्या घाईमुळे मुरुमांसारखे दिसतात. असू देत.

नवे टवके रोखायच्या बाबतीत मात्र मी आधी एक मूर्खपणा करून बसले होते, तोही सांगते. रंगाच्या आधी कुणीतरी सुचवलं म्हणून पुढे ताडपत्रीचं कव्हर घट्ट बांधून एक फेरी केली. आत धूळ शिरली, वाऱ्याने कापड थरथरत राहिलं आणि दोनशे किलोमीटरभर आपोआप पॉलिश पेपर फिरला. ॲल्युमिनियमचा चेकर्ड पत्रा थेट लोखंडावर ठोकायलाही मामांनी मनाई केली. खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी सुटते, शिवाय मागे पाणी साचून लोखंड गंजतं ते दिसतही नाही. आता तो पत्रा आहे, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत, पण मध्ये रबराची पट्टी आणि कडा सीलंटने बंद.

खरा फरक पडला तो गाडीच्या मागच्या चाकांना लावलेल्या जाड रबरी मडफ्लॅपने. रस्त्यापासून चार बोटं वर. त्यामागे, गाडी आणि ट्रेलरच्या मध्ये, तिरकी टांगलेली जाळी. ती ताणून बांधायची नाही. सैल असली तर खडी तिच्यात दमते आणि खाली पडते. वळताना ओढली जाणार नाही एवढी ढील मात्र ठेवायची. पारदर्शक फिल्मही विचारून आले, पण अख्ख्या पत्र्याचा भाव ऐकून फक्त दिव्यांपुरती घेतली.

आणि वेग. 80 ऐवजी 60 ने गेलं तर खडीच्या फटक्यातला जोर जवळजवळ निम्मा होतो. नवऱ्याला हे गणित कागदावर मांडून दाखवावं लागलं. खडी पसरलेल्या वळणरस्त्यांवर मी तर 40 च्या वर जात नाही, मागचे हॉर्न वाजवू देत.

मार्चमध्ये त्याच रस्त्याने पुन्हा श्रीवर्धन केलं. परत आल्यावर खडू घेऊन बसले. नवे टवके चार, चारही जाळीच्या खालच्या कडेखाली बसलेले, ट्रेलर गाडीला जिथे जोडतात त्या कपलरजवळच्या दांड्यावर. घरी प्रायमर संपला होता, म्हणून तात्पुरतं पाणी अडवायला लेकीचं नेलपॉलिश लावलं. बिनरंगी सापडलं नाही. दांड्यावर सध्या चार किरमिजी ठिपके आहेत.