इंजेक्टर बदलाल, पण टाकीचं काय?

जुनी एमपीएफआय गाडी (म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर असलेली) सकाळी तीन-चार वेळा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही, आयडलिंगला थरथरते, चारातला एक प्लग काजळीनं काळा निघतो. गॅरेजवाला म्हणतो, इंजेक्टर गेले. बऱ्याचदा बरोबरच असतं. पण ते कशानं गेले हे न बघता नवे बसवले, तर पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच उभे राहाल.

सोलापुरात नेहमी आढळणारं कारण म्हणजे गॅसकिट. गाडी सगळी गॅसवर, टाकीत दोन लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने पडून, आणि पेट्रोलचे इंजेक्टर जागच्या जागी चिकटतात. दुसरं कारण पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल. आपल्याच उसाचं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार! इथेनॉल ओल ओढून घेतं. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री निवते, तशी बाहेरची दमट हवा आत येते. पाणी प्रमाणाबाहेर वाढलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. इंजेक्टरमधली सुई जिथे टेकून पेट्रोल बंद करते, त्या बैठकीवर गंजाचे खड्डे पडतात ते इथून.

खड्डे पडले की अल्ट्रासॉनिक सफाईचे (द्रवात बुडवून ध्वनिलहरींनी घाण काढण्याचे) पैसे वाया. इंजेक्टर काढून टेस्टिंगच्या बेंचवर प्रेशर देऊन मिनिटभर बघा. इंजेक्टर बंद असताना थेंब गळत असेल तर तो गेला. नुसता फवारा वाकडा असेल, तर सफाई करून बघायला हरकत नाही. इंजेक्टरमधल्या विजेच्या कॉइलचा रोध मल्टिमीटरवर साधारण १२ ते १६ ओहम यावा आणि चारही जवळपास सारखे असावेत. बदलायचे तर चारही, आणि पार्ट नंबर जुळवूनच. बाहेरून सारखा दिसणारा इंजेक्टर जास्त पेट्रोल सोडू शकतो, किंवा दोन धारांच्या जागी एकच धार मारतो.

काम गार इंजिनावर, सकाळी, मोकळ्या हवेत करा. मे महिन्यातल्या दुपारी पेट्रोलची रेल (चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) उघडणं हा शहाणपणा नव्हे. अग्निशामक जवळ हवा. फ्यूएल पंपाचा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग दोन वेळा सेल्फ मारा. एवढ्यानं रेलमधलं प्रेशर उतरतं. नाहीतर तीनेक बारचा फवारा थेट तोंडावर. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा.

रेल उचलण्याआधी आजूबाजूची धूळ हवेच्या पाइपनं उडवा. आपल्याकडची धूळ इंजेक्टरच्या भोकातून थेट व्हॉल्व्हवर पडते. कनेक्टरच्या क्लिपा जुन्या गाडीत कडक होऊन तुटतात, तेव्हा वायर धरून ओढू नका. रेल दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उचला. गंजून अडकलेल्या इंजेक्टरला गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा आणि हातानं डावीउजवीकडे फिरवत काढा. स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं तर प्लास्टिकचं मॅनिफोल्ड (इंजिनाला हवा नेणारा भाग) चिरतं. निघाल्याबरोबर भोकांत स्वच्छ कापड कोंबा, आणि बसवताना ते काढायला विसरू नका.

ओ-रिंग (इंजेक्टरवरच्या गळती रोखणाऱ्या रिंगा) नवीनच घ्या, त्याही व्हायटॉन या इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या. साधं रबर इथेनॉलनं फुगतं. चेपलेली जुनी रिंग वाचवून चाळीस रुपये वाचतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळतं. रिंगेला इंजिन ऑइलचा एक थेंब लावून इंजेक्टर सरळ दाबा. तिरका गेला तर रिंग कापली जाते आणि बाहेरून काही कळत नाही. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच कसा, अंदाजानं नव्हे.

जोडण्याआधी टाकी रिकामी करून धुवा, पंपाची जाळी आणि फिल्टर बदला. या कामाला गॅरेजवाले सहसा नाक मुरडतात, पण नव्या इंजेक्टरचं आयुष्य यावरच ठरतं. मग रिले आणि बॅटरी परत जोडून इग्निशन तीन-चार वेळा चालू-बंद करून रेल भरा आणि प्रत्येक ओ-रिंगेखाली कोरडा टिशू फिरवा. ओला झाला तर गाडी सुरू करू नका. सुरू झाल्यावर एसी बंद ठेवून दहा मिनिटं आयडलिंगला चालू द्या.

डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोल येत असेल तर गळक्या इंजेक्टरचं पेट्रोल ऑइलमध्ये उतरलंय, म्हणजे ऑइल आणि ऑइल फिल्टर त्याच दिवशी बदलायचे. गॅसकिटवाल्यांनी रोजचे पहिले तीन-चार किलोमीटर पेट्रोलवरच काढावेत आणि टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये.