नायट्रोजनची एन्ट्रॉपी पार्टिशन फंक्शनमधून काढताना

कॅनॉनिकल पार्टिशन फंक्शनची व्याख्या एका वाक्यात संपते. प्रत्येक अवस्थेची ऊर्जा केटीने (बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान) भागायची, उणे चिन्ह लावून ईच्या (नैसर्गिक लॉगचा पाया) घातांकात ठेवायची आणि सगळ्या अवस्थांची बेरीज करायची. त्यासाठी वापरतात ते झेड अक्षरही 'अवस्थांची बेरीज' अशा अर्थाच्या जर्मन शब्दावरून आलं आहे. व्याख्या पाठ असणं वेगळं आणि त्यातून खऱ्या वायूचा आकडा निघणं वेगळं. म्हणून मी नायट्रोजन घेतला. रेणू दोनच अणूंचा, आणि एन्ट्रॉपीचं (रेणूंना किती अवस्था मोकळ्या आहेत याचं माप) उत्तर ताडून पाहायला कोष्टकात तयार: २९८.१५ केल्विन आणि १ बारला १९१.६ जूल प्रति मोल प्रति केल्विन. पुढे एन्ट्रॉपीचं एकक सगळीकडे हेच.

सगळं गणित साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर केलं. पहिली अडचण त्यानेच दाखवली. सरकण्याच्या गतीसाठी एका रेणूचं पार्टिशन फंक्शन, म्हणजे क्यू, काढायच्या सूत्रात प्लँकच्या स्थिरांकाचा घन छेदात असतो. तो घन आधी काढला तर २.९ गुणिले दहाचा उणे १०० वा घात येतो, कॅल्क्युलेटर त्याला शून्य धरतो आणि भागाकाराला एरर देतो. म्हणून आधी दोन पाय × वस्तुमान × केटी हा गुणाकार प्लँकच्या स्थिरांकाच्या वर्गाने भागायचा आणि मग त्याचा दीड घात घ्यायचा. नायट्रोजनच्या एका रेणूचं वस्तुमान ४.६५२ गुणिले दहाचा उणे २६ वा घात किलोग्रॅम. भागाकार २.७४० गुणिले दहाचा २१ वा घात येतो, आणि दीड घात घेतल्यावर १.४३५ गुणिले दहाचा ३२ वा घात, प्रति घनमीटर.

१ बारला एका रेणूच्या वाट्याला केटी भागिले दाब, म्हणजे ४.११६ गुणिले दहाचा उणे २६ वा घात घनमीटर इतकी जागा येते. दोन्हींचा गुणाकार सुमारे ५९ लाख. या आकड्यावर जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. एकेका रेणूमागे ५९ लाख अवस्था मोकळ्या आहेत, त्यामुळे दोन रेणू एकाच अवस्थेत सापडण्याची शक्यता नगण्य. म्हणूनच एका रेणूच्या क्यूचा एनवा घात (एन म्हणजे रेणूंची संख्या) घेऊन एन फॅक्टोरियलने भागलं की झेड मिळतं, ही युक्ती चालते. रेणू हलके आणि तापमान फार कमी असेल तर हा आकडा एकाच्या जवळ येतो आणि युक्ती कोसळते.

फॅक्टोरियल थेट काढता येत नाही. असा कॅल्क्युलेटर ६९ पर्यंतच जातो, स्प्रेडशीट १७० पर्यंत. सगळं लॉगमध्येच करायचं आणि स्टर्लिंगचं सूत्र (एन फॅक्टोरियलचा लॉग म्हणजे जवळपास एन लॉग एन उणे एन) वापरायचं. केटी गुणिले झेडचा लॉग, याचं तापमानाने घेतलेलं डेरिव्हेटिव्ह म्हणजे एन्ट्रॉपी. ५९ लाखांचा नैसर्गिक लॉग १५.५९. त्यात अडीच मिळवून वायू स्थिरांक आर, म्हणजे ८.३१४५, ने गुणलं की सरकण्याच्या गतीची एन्ट्रॉपी १५०.४२. हेच साकूर आणि टेट्रोड यांचं समीकरण. अडीचमधला दीड तापमानाच्या डेरिव्हेटिव्हमधून येतो आणि एक स्टर्लिंगमधून.

फिरण्याचा भाग सोपा आहे. नायट्रोजनचा रोटेशनल स्थिरांक १.९८९६ प्रति सेंटिमीटर, प्रति सेंटिमीटरचं केल्विन करण्यासाठी त्याला १.४३८८ ने गुणलं की २.८६३ केल्विन. २९८.१५ ला याने भागायचं आणि पुन्हा दोनने, कारण अर्ध्या फेरीत रेणू पुन्हा पहिल्यासारखा दिसतो. उत्तर ५२.०८. त्याच्या लॉगमध्ये एक मिळवून ८.३१४५ ने गुणलं की ४१.१८. कंपनाचं तापमान सुमारे ३,३५० केल्विन आहे, त्यामुळे खोलीच्या तापमानाला त्याचा वाटा ०.००१ इतकाच. एकूण १९१.६०. कोष्टकाशी जुळलं.

जुळेपर्यंतच्या वाटेवर सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती एक गोष्ट: उत्तर किती जूलने चुकलं, यावरून चूक कोणती ते ओळखता येतं. ५.७६ जास्त आलं तर दोनने भागायचं राहिलं, कारण आर गुणिले लॉग दोन म्हणजे ५.७६. ८६ जास्त म्हणजे वस्तुमान ग्रॅममध्ये घातलं. ३८.३ जास्त म्हणजे प्रति सेंटिमीटरचं प्रति मीटर करताना शंभर सुटले. ४४७ जास्त म्हणजे एन फॅक्टोरियलच विसरलं. ८.३१ ची चूक दोन्ही बाजूंनी होते आणि तीच सगळ्यात फसवी. कमी आलं तर स्टर्लिंगमधला उणे एन गळला आहे. जास्त आलं तर आकारमानाच्या जागी केटी भागिले दाब आधीच भरून मग तापमानाचं डेरिव्हेटिव्ह घेतलं आहे. डेरिव्हेटिव्ह आकारमान स्थिर ठेवून घ्यायचं असतं, दाब नंतर भरायचा.

१ बार हाही प्रमाणित दाब आहे, खोलीतला नव्हे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे हवेचा दाब साधारण ०.९५ बार असतो. त्या दाबाला शुद्ध नायट्रोजनची एन्ट्रॉपी ०.४३ ने वाढते. जुनी कोष्टकं १ अ‍ॅटमॉस्फिअरची असतात, त्यांच्यातली किंमत ०.११ ने कमी दिसते. एवढ्या फरकासाठी सूत्रात चूक शोधत बसू नये.

कंपनाचा वाटा एन्ट्रॉपीत नगण्य म्हणून तिथे निष्काळजी राहणं मात्र महागात पडतं. ऊर्जेचं शून्य कुठे धरलं, याने एन्ट्रॉपी बदलत नाही, पण मुक्त ऊर्जा बदलते. नायट्रोजनची शून्य-बिंदू ऊर्जा (सर्वांत खालच्या पातळीतही उरणारी कंपनाची ऊर्जा) मोलमागे सुमारे १४ किलोजूल. समतोल स्थिरांक काढताना एका रेणूसाठी ऊर्जेच्या वक्रातल्या विहिरीचा तळ आणि दुसऱ्यासाठी सर्वांत खालची पातळी धरली, तर उत्तर शेकडो पटींनी चुकतं. मी कागदावर पहिल्याच ओळीत 'शून्य: सर्वांत खालची पातळी' असं लिहूनच सुरुवात करतो.

नंतर हेच सगळं कार्बन मोनॉक्साइडसाठी केलं. वस्तुमान जवळजवळ तेच, त्यामुळे सरकण्याचा भाग पुन्हा १५०.४२. दोन टोकांना वेगळे अणू असल्याने दोनने भागायचं नाही. इथे फिरण्याची बेरीज सूत्राऐवजी पातळ्या एकेक मिळवून केली. शून्यापासून मोजलं तर सातव्या पातळीचा वाटा सर्वांत मोठा असतो, पण विसाव्याला थांबलं तर बेरीज १०६.३ वरच राहते. चाळिसाव्यापर्यंत गेल्यावर ती १०८.१ ला स्थिरावते. एकूण एन्ट्रॉपी १९७.६५, तीही कोष्टकाशी जुळते.

पण उष्णता मोजून काढलेली किंमत जुळत नाही. क्लेटन आणि जिओक या रसायनशास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये घन अवस्थेपासून वर मोजत आणलेली एन्ट्रॉपी सुमारे ४.६ ने कमी भरली. वरच्या यादीतल्या एकाही चुकीशी हा आकडा जमत नाही. गणित बरोबर आहे, तूट स्फटिकात आहे. कार्बन आणि ऑक्सिजनची टोकं इतकी सारखी की गोठताना रेणू उलटसुलट अडकतात आणि थंड केलं तरी सरळ होत नाहीत. सगळे पूर्ण बेशिस्त अडकले असते तर तूट ५.७६ असती.